न्यायाचा दिवस आणि मराठी ख्रिस्ती माणूस

भिवंडीत शेवटच्या न्यायाचा विषय काढला, तर बहुतेकांच्या तोंडी पहिला शब्द येईल तो कयामत. यंत्रमागांच्या या शहरात मुसलमान बहुसंख्य आहेत, हिंदूंची वस्तीही मोठी आहे आणि ख्रिस्ती अगदी मूठभर. एका अंगाला कल्याण, दुसऱ्या अंगाला वसई, आणि दिवा-वसई मार्गावरचं भिवंडी रोड स्टेशन मधे. वसईच्या कॅथलिक गावांत दिवस देवळाच्या घंटेवर सुरू होतो. भिवंडीतला ख्रिस्ती माणूस मात्र अजान ऐकत, मिरवणुकींना वाट देत आपला रविवार पाळतो. त्यामुळे एक गोष्ट त्याला विसरताच येत नाही. न्यायाच्या दिवसाची कल्पना त्याच्या एकट्याची नाही. शेजारचा मोमीन विणकरही मानतो की एक दिवस मेलेली माणसं उठवली जातील आणि प्रत्येकाच्या कर्मांची वही उघडली जाईल. त्या दिवसाआधी ईसा परत येईल हेही तो मानतो. पलीकडच्या आळीत चित्रगुप्ताची वही तर त्याहून जुनी.

मग ख्रिस्ती माणसाचं त्यात वेगळं म्हणणं काय? हिशोब होणार हे सगळेच सांगतात. ख्रिस्ती शिकवण त्यात एक अडचणीची भर घालते: माणूस स्वतःच्या कमाईवर सुटत नाही, तो विश्वासाने तारला जातो. आणि लगेच दुसरी अडचण उभी राहते. तो विश्वास खरा आहे की नावापुरता, हे ठरवायचं कोणी आणि कशावरून? आपल्या चर्चमधल्या शब्दांत सांगायचं तर नामधारी ख्रिस्ती कोण आणि तारण पावलेला कोण? गेली दोन हजार वर्षं जगभरचे ख्रिस्ती या प्रश्नाशी झगडत आहेत. मराठी मुलखात तो चारशेहून अधिक वर्षांचा आहे, आणि इथे त्याला आलेली वळणं पुस्तकी धर्मशास्त्राला सहज सुचली नसती अशी आहेत.

आधी मुळाकडे जाऊ. कॅथलिक उपासनावर्ष नोव्हेंबरात संपतं. २ तारखेला मृतांचा दिवस. वसईत त्या दिवशी कबरी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जातात. महिन्याच्या शेवटी, आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी, ख्रिस्तराजाचा सण येतो. हा सण पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली सुरू केला. वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या पहिल्या वर्षी त्या रविवारी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय वाचतात. राजा सिंहासनावर बसतो, मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे काढतो. ज्यांनी भुकेल्याला जेवू घातलं, परक्याला घरात घेतलं, तुरुंगातल्याची विचारपूस केली ते आत. ज्यांनी केलं नाही ते बाहेर. या दृष्टांतावर आजवर हजारो प्रवचनं झाली असतील, पण त्यातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट बरेचदा सुटून जाते. दोन्ही बाजूंचे लोक चकित होतात. उजवीकडच्यांनाही ठाऊक नसतं की आपण कधी राजाची सेवा केली. शिवाय तिथे कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला मागितला जात नाही, की कोणाकडून विश्वासाचा अंगीकार म्हणून घेतला जात नाही.

त्याच मत्तयाच्या सातव्या अध्यायात येशू सांगतो की मला प्रभू म्हणणारा प्रत्येक जण आत येईलच असं नाही. माझ्या नावाने भुतं काढणाऱ्यांनाही मी ओळखत नाही म्हणून सांगेन. याच्या समोर योहानाचा पाचवा अध्याय ठेवा. तिथे विश्वास ठेवणारा न्यायात येतच नाही, तो मरणातून जीवनात आधीच गेलेला असतो. रोमकरांच्या पत्रात पौल विश्वासाचा पक्ष घेतो. याकोबाच्या पत्रात कृतीवाचून विश्वास मेलेला ठरतो. सोळाव्या शतकात युरोप याच दोन टोकांवरून फाटला. १५१७ मध्ये ल्यूथरने पौलाला धरलं. १५४५ ते १५६३ दरम्यान भरलेल्या ट्रेंटच्या परिषदेने कृपा आणि कृती या दोहोंना धरून त्याला उत्तर दिलं. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघ यांनी नीतिमान ठरवण्याविषयीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तारण देवाच्या कृपेनेच होतं आणि सत्कृत्यं हे त्याचं फळ आहे, हे दोघांनी मान्य केलं. पुढे मेथडिस्ट, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात सामील झाल्या. पावणेपाचशे वर्षांचं भांडण कागदावर बरंचसं मिटलं. आपल्याकडच्या व्यासपीठांवरून मात्र कॅथलिक लोक कृतीने तारण कमावतात आणि प्रॉटेस्टंट नुसतं आमेन म्हणून मोकळे होतात, अशी टीका अजून चालूच असते.

मराठीत हा प्रश्न आला तो पोर्तुगीज सत्तेबरोबर, आणि त्यामुळे जन्मापासूनच संशयात सापडला. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन बसलं, ते कायमचं उठलं १८१२ मध्ये. ज्या साष्टीत १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं, त्याच साष्टीत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट काम करत होता. त्याचं क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक धर्मांतरित ब्राह्मण विचारतो की जुनी पुराणं वाचायची बंदी झाली, मग आम्हाला वाचायला दुसरं काही हवं की नको? या मागणीत सगळं आलं. पुराणं काढून घेतली होती ती सत्तेने, आणि त्यांची जागा भरायची होती ती श्रद्धेने. स्टीफन्सची मराठी अशी गोड की लोकांनी ती देवळांत आवडीने ऐकली. पण इन्क्विझिशनच्या दबावाखालच्या गावात माणूस खरं काय मानतो हे कोणी कसं सांगणार? छळणारी यंत्रणा स्वतःच शेवटचा निवाडा आजच करायला बसलेली असते. माणसाच्या मनातलं देव बघेल, हे तिला पुरत नाही.

भिवंडीजवळचं अंजूर इथे कथेत येतं. अंजूरच्या नाईक घराण्यातला गंगाजी नाईक हा उत्तर फिरंगाणातल्या पोर्तुगीज राजवटीच्या जाचाविरुद्ध पेशव्यांकडे दाद मागणाऱ्यांतला एक प्रमुख माणूस. साष्टीच्या बखरीत (ही साष्टी गोव्यातली नव्हे, मुंबईजवळची) त्याच्या खटपटींची हकिकत आहे. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांची मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला. या विजयाबद्दल आपण शाळेत शिकतो ते तोफांचं आणि घंटांचं. वसईच्या देवळांतल्या घंटा पुढे कोणत्या मंदिरांत गेल्या याची यादीही बऱ्याच जणांना तोंडपाठ असते. ख्रिस्ती प्रश्नासाठी महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली. गोरे पाद्री गेले, सत्ता गेली. तहात थोडी चर्च राखायची सवलत तेवढी होती. आता ख्रिस्ती राहण्यात फायदा उरला नव्हता. काही जण हिंदू समाजात परत गेले. पण वसईतली गावंच्या गावं ख्रिस्ती राहिली. गोव्याकडून आलेल्या देशी धर्मगुरूंनी त्यांना सांभाळलं. पणजोबांनी कोणत्या कारणाने पाणी घेतलं हे त्या लोकांना नेमकं ठाऊकही नसेल. भय असेल, जमीन असेल, क्वचित खरा ओढाही असेल. पणतवंडांनी ते टिकवलं ते कोणी टिकवायला लावलं म्हणून नव्हे.

धर्मांतराच्या खरेखोटेपणाचा निवाडा पहिल्या दिवशी करू नये, हे म्हणणं मला या इतिहासातून सुचतं. बळजबरीचं समर्थन त्यातून होत नाही. अंजूरकरांचा संताप योग्यच होता. पण श्रद्धेचं वय माणसाच्या वयापेक्षा वेगळं असतं. ती एका पिढीत उसनी असू शकते आणि तिसऱ्या पिढीत स्वतःची होते. उलटही होतं. पणजोबांनी जिवावर उदार होऊन घेतलेला विश्वास पणतूकडे फक्त आडनाव आणि नाताळचा केक होऊन उरतो.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदललं. १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला आले. त्यांच्या मागून स्कॉटिश आणि अँग्लिकन मिशनरी आले. त्यांच्याकडे इन्क्विझिशन नव्हतं, छापखाने आणि शाळा होत्या. शिवाय नरकाबद्दलचं आग ओकणारं प्रवचन होतं. त्या प्रवचनाला मराठी माणसांनी जे उत्तर दिलं ते आजही वाचण्याजोगं आहे. विष्णुबावा ब्रह्मचारी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी महिनोन् महिने वाद घालत होते. आणखी खोल जाणारं उत्तर त्याआधीच काशीत लिहिलं गेलं होतं.

नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ सालचा. चित्पावन घराणं, झाशीजवळ जन्म, वास्तव्य काशीत. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये मतपरीक्षा हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माचं श्रेष्ठत्व मांडलं. त्याला तिघा पंडितांनी संस्कृतातच उत्तरं दिली. त्यातले एक सुबाजी बापू, मराठीच. दुसरे तरुण नीळकंठशास्त्री. त्यांच्या शास्त्रतत्त्वविनिर्णयातला आक्षेप असा: पूर्वजन्म मानला नाही तर जन्मतःच वाट्याला येणाऱ्या दुःखाचा खुलासा कसा करणार? आणि चार दिवसांच्या आयुष्यातल्या पापाला अंत नसलेली शिक्षा देणारा देव न्यायी कसा? कर्मसिद्धांतात निदान शिक्षेला माप आहे, आणि सुटायला पुढचा जन्म आहे.

हा आक्षेप खोडून काढलेला मी अजून कुठे वाचलेला नाही. गंमत अशी की तो घेणारेच पुढे १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले, पुढे अँग्लिकन धर्मगुरू झाले. षड्दर्शन दर्पण लिहून त्यांनी आपल्याच जुन्या दर्शनांचं खंडन केलं, आणि १८९५ साली मुंबईत वारले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की शंका फिटल्या म्हणून धर्म बदलला. तसं नव्हतं. फादर गोऱ्यांच्या चरित्रात ठायी ठायी दिसतं की शंकांनी त्यांची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही. ते उपास करत, एखाद्या संन्याशासारखे राहत, इतरांच्या शंकांचं निरसन करत आणि स्वतःच्या शंकांनी गांजून जात. आजच्या प्रार्थनासभांत साक्ष देताना माणसाने ठणकावून सांगावं लागतं की माझं तारण झालं, मला खात्री आहे. त्या मापाने गोरे नापास होतील. माझ्या मते खऱ्या विश्वासाची खात्रीशी जी सोयरीक आपण लावून दिली आहे ती मोडण्यासाठी गोऱ्यांइतका चांगला साक्षीदार मराठीत दुसरा नाही.

गोऱ्यांच्या लेखनाने ज्यांना ख्रिस्ताकडे ढकललं त्यांत एक होत्या पंडिता रमाबाई. रमाबाईंवर थोडं जास्त थांबायला हवं, कारण या लेखाचा अर्धा प्रश्न त्यांनी स्वतः जगून मांडला आहे.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, आणि २९ सप्टेंबरला वाँटेजला, अँग्लिकन भगिनींच्या सहवासात, त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांना तिथवर नेणारी मोठी गोष्ट होती लंडनमधल्या फुलमच्या आश्रमाची. समाजाने टाकलेल्या बायकांना त्या भगिनी आपल्यात घेऊन प्रेमाने वाढवत होत्या. आपल्या शास्त्रांत अशा बाईला प्रायश्चित्त किंवा हद्दपारी यापलीकडे काय होतं, असा प्रश्न रमाबाईंना पडला. त्यांनीच पुढे लिहिलं आहे की धर्मशास्त्रं आपसांत कितीही भांडली तरी एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं: बाई मुळात वाईट, आणि तिला मोक्षाची सरळ वाट नाही. म्हणजे शेवटच्या निवाड्यात बाई कुठे उभी राहणार हाच त्यांचा पहिला प्रश्न होता. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाचं उत्तर त्यांना फुलममध्ये चालताबोलता दिसलं.

पण बाप्तिस्मा घेऊनही त्या चर्चच्या कह्यात गेल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनमच्या डोरोथिआ बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो वाचताना मौज वाटते आणि आदरही. त्रैक्यापासून चमत्कारांपर्यंत एकेक मुद्दा त्या पारखून घेतात. एका पंथाच्या जोखडातून बाहेर पडले ती दुसऱ्या पंथाच्या जोखडात मान द्यायला नव्हे, असा त्यांचा सूर आहे. सिस्टर जेराल्डीन हैराण होतात. त्यांना रमाबाईंच्या आत्म्याची खरोखर काळजी आहे, आणि ती काळजीच दोघींमधलं अंतर वाढवते.

मग १८९१ च्या सुमाराला एक विचित्र गोष्ट घडली. तोवर रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन काढलं होतं, अमेरिका पालथी घातली होती, त्यांचं नाव गाजलं होतं. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्रीचं आत्मवृत्त त्यांच्या हाती पडलं. तो माणूस पाद्री म्हणून काम करत असतानाच आपण ख्रिस्ताला ओळखतच नाही असं त्याला उमगलं होतं. ते वाचून रमाबाईंनी स्वतःकडे पाहिलं. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आठ वर्षं त्या नामधारी होत्या असं दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर आपण त्याला उर्मट म्हटलं असतं. हा निवाडा त्यांनी स्वतःच स्वतःवर केला. त्याचा परिणाम बाहेर दिसला तो केडगावला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली आणि विधवा उचलून आणल्या आणि मुक्ती सदन उभं राहिलं. टीका करायला सगळे होते. १८९३ मध्येच शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले होते. केसरीने झोड उठवली होती.

१९०५ च्या जूनमध्ये केडगावच्या मुलींमध्ये ते प्रसिद्ध जागरण झालं. मुली रडून पापांची कबुली देऊ लागल्या, तासन् तास प्रार्थना करू लागल्या. एका मुलीवर अग्नी उतरल्यासारखं वाटून देखरेख करणारी बाई पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकिकत सांगतात. जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात या घटनेचं नाव येतं. मला त्यात वेगळंच काही दिसतं. त्या मुलींना समाजाने आधीच दोषी ठरवलं होतं: पांढऱ्या पायाची, नवऱ्याला खाल्लेली, दुष्काळात घराला जड झालेली. आपलं पाप आपण स्वतः उच्चारायचं आणि त्यावर क्षमा मिळवायची, ही त्यांच्यासाठी नवलाईची सत्ता असणार. दुसऱ्याने लादलेला दोष आणि स्वतः कबूल केलेलं पाप यांतलं अंतर शेवटच्या न्यायाच्या शिकवणीत फार मोलाचं आहे. भीती घालणारे प्रवचनकार नेमकं तेच पुसून टाकतात.

कवी नारायण वामन टिळकांची तऱ्हा निराळी. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरात कल्लोळ माजला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात असा लिहिला आहे की हसावं की रडावं कळत नाही. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. पाच वर्षं त्यांनी आपलं सोवळं आणि आपला देव सांभाळला. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे त्यांना आपल्याच विचाराने पटलं आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. व्यक्तिगत विश्वासावर जाड पुस्तकं लिहिणाऱ्यांनी ती पाच वर्षं वाचावीत. टिळकांनी घाई केली असती, दडपण आणलं असतं, तर मराठीला कदाचित स्मृतिचित्रं मिळाली नसती.

टिळकांचा मोठा निर्णय त्यानंतरचा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं मानणारा हा कवी वीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकन मिशनच्या चाकरीत होता. १९१७ मध्ये त्यांनी ती सोडली आणि देवाचा दरबार काढला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तशिष्यांचा तो मेळा व्हावा अशी कल्पना होती. मिशनला हे पचणं कठीणच. बाप्तिस्मा न घेता शिष्य? मग मंडळीची वेस कुठे? टिळकांचं म्हणणं वेशीबद्दल नव्हतंच. पगारी ख्रिस्तीपण आणि परदेशी पेहराव यांमुळे लोकांना ख्रिस्त दिसत नाही, ही त्यांची तळमळ होती. ९ मे १९१९ ला ते वारले. आपल्या देहाचं दफन न करता दहन करावं अशी त्यांची इच्छा होती. शेवटच्या दिवशी शरीर उठवलं जाईल म्हणून मातीतच ठेवायचं, ही त्या काळच्या ख्रिस्ती मनाची धारणा. कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली ती १९६३ मध्ये. टिळकांनी जणू सांगितलं की देव राखेतूनही उठवू शकतो. दरबार त्यांच्या मागे फार काळ चालला नाही. त्याने विचारलेला प्रश्न मात्र आजही प्रत्येक मंडळीच्या वार्षिक सभेत सदस्ययादी करताना डोकं वर काढतो.

दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांचा मुद्दाही इथे थोडक्यात. १८७६ च्या आणि पुढच्या दुष्काळांत नगर भागात महार-मांग समाजातले हजारो लोक मिशनकडे आले. भाकरीसाठी धर्म बदलला, हा टोमणा त्यांच्या नातवंडांनीही ऐकला. भुकेला माणूस भाकरी देणाऱ्याच्या देवावर विश्वास ठेवतो यात लाज कसली हे मला कधी कळलं नाही. इस्राएलानेही वाळवंटात मान्ना खाल्ल्यावरच देवाचं ऐकलं. सरकारने मात्र माणसाच्या हेतूची चौकशी करायचं काम अंगावर घेतलं. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या मध्य प्रदेशच्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ चा. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदातल्या प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं. भिवंडी तालुक्यातल्या पाड्यांवरच्या प्रार्थनासभांवरून पोलिसांत तक्रारी गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. फसवणूक, धाकदपटशा, रोगमुक्तीची खोटी आश्वासनं यांवर कायद्याने जरूर बोट ठेवावं. पण अमक्या बाईने मनापासून प्रार्थना केली की धान्याच्या पिशवीसाठी, हे पंचनाम्यात लिहायचं कसं?

आणि खोटी आश्वासनं होतात हे ख्रिस्ती माणसानेच आधी मान्य केलं पाहिजे. जगबुडीच्या तारखा काढणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी १८४४ ची तारीख धरली होती, हॅरल्ड कॅम्पिंगने २०११ ची. दोन्ही टळल्या. आपल्याकडे मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत युद्ध झालं की शेवट जवळ, महामारी आली की शेवट जवळ. अशा भीतीने सभागृह भरतं. पण भीतीने हात वर केलेल्या माणसाचा विश्वास दुसऱ्या दिवशी बाजारात मापाच्या वेळी कुठे असतो? याच्या उलट टोकाला सगळ्यांचं शेवटी भलंच होणार म्हणून न्यायाचा विषयच गुंडाळून ठेवणारे आहेत. शहरी, सुशिक्षित मंडळ्यांत ही दुसरी सवय जास्त.

ती सवय मला भिवंडीत बसून पटत नाही. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर इथे जी दंगल उसळली तिची चौकशी न्यायमूर्ती मादोन आयोगाने केली. चौकशी आयोग नोंद करतो. शिक्षा देण्याचा अधिकार त्याला नसतो. १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटलं. ज्यांची माणसं जळाली त्यांना, नरक वगैरे काही नसतं, देव सगळ्यांवर सारखंच प्रेम करतो, हे सांगून पाहावं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या आशेवरच्या परिपत्रकात म्हटलं आहे की अनंतकाळाच्या जीवनावर विश्वास ठेवायला न्यायाची मागणी हेच सर्वांत मोठं कारण आहे. इतिहासात जो अन्याय झाला तो तसाच अखेरचा शब्द म्हणून उरू नये, ही ती मागणी. मला हे पटतं. मारणारा आणि मेलेला एकाच पंगतीत काही घडलंच नाही असे बसणार असतील, तर त्या पंगतीला स्वर्ग म्हणवत नाही.

पण मग गोऱ्यांचा आक्षेप पुन्हा उभा राहतो. न्याय हवा, तरी अंत नसलेला दंड का? चर्चमध्ये हा वाद नवा नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेनने शेवटी सगळेच देवाकडे परततील अशी आशा मांडली. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या काळात त्याची मतं धिक्कारली गेली. विसाव्या शतकात स्विस कॅथलिक धर्मपंडित हान्स उर्स फोन बाल्थासार यांनी सावध मांडणी केली: सगळे तारले जातीलच असं शिकवता येत नाही, पण तशी आशा धरणं आणि प्रार्थना करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे. १९८८ मध्ये जॉन स्टॉट या इंग्रज इव्हँजेलिकल पुढाऱ्याने, दुष्टांचा छळ अनंतकाळ चालणार नाही, ते नाहीसे होतील, असं मत चाचपडत मांडलं, आणि त्याच्याच गोटातले लोक त्याच्यावर तुटून पडले. कॅथलिक शिकवणीतलं शुद्धिस्थान ही या पेचातली मधली वाट. तारला गेलेला माणूसही तसाच्या तसा देवासमोर उभा राहू शकत नाही. त्याला घासून-पुसून निघावं लागतं. प्रॉटेस्टंटांना ते बायबलबाहेरचं वाटतं. मला मात्र माणसाच्या स्वभावाला धरून वाटतं. आपल्यातलं कोण पुरतं मेंढरू आहे, आणि कोण पुरतं शेरडू?

या सगळ्यात भिवंडीच्या ख्रिस्ती माणसाला रोज टोचणारा प्रश्न वेगळाच आहे. नमाज न चुकवणारा शेजारी, वारीला जाणारी कामवाली मावशी, यांचं त्या दिवशी काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं की ज्यांना स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्त कळला नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात, तेही तारण पावू शकतात. त्यात मुसलमानांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९७४ च्या लोझान करारात जगभरच्या इव्हँजेलिकलांनी ख्रिस्त हाच एकमेव मध्यस्थ असं ठासून सांगितलं आणि सगळे धर्म सारखेच ही भूमिका नाकारली. एकाच गल्लीतली दोन ख्रिस्ती घरं या दोन कागदांच्या मधे उभी असतात. आणि जे पहिल्या पिढीत ख्रिस्ती झाले त्यांच्यासाठी प्रश्न शेजाऱ्याचा राहत नाही, तो आईबापांचा होतो. सोळाव्या शतकात जपानी नवख्रिस्ती आपल्या मेलेल्या वाडवडिलांसाठी रडतात, असं फ्रान्सिस झेवियरने पत्रात कळवलं होतं. त्यांना धीर द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे १८७४ च्या दुष्काळात दक्षिणेकडच्या तीर्थयात्रेत उपासमारीने गेले. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष पत्करलेला, आयुष्यभर पुराणं सांगत फिरलेला हा वैष्णव ब्राह्मण. शेवटच्या घडीला त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेतलं आणि सांगितलं की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याचीच राहा, त्याचीच सेवा कर. १९०७ साली आपल्या श्रद्धेची हकिकत लिहिताना रमाबाईंनी हा प्रसंग दिला आहे. तोवर त्या पुरत्या इव्हँजेलिकल झाल्या होत्या. हिंदू धर्मासाठी त्यांनी त्या पुस्तकात अंधार हाच शब्द वापरला आहे, कडक हाताने. आणि त्याच पुस्तकात त्या लिहितात की वडील ज्या देवाला ओळखत नव्हते त्या देवाने त्यांची प्रार्थना ऐकली. पुढे त्या थेट मेलेल्या वडिलांना उत्तर देतात: होय बाबा, मी शेवटपर्यंत सेवा करीन. वडील कुठे आहेत याबद्दल त्या काहीच म्हणत नाहीत. पण आपलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचतं आहे, हे धरूनच त्या बोलतात.